चुलीतील सरपण आणि घरधन्याची जबाबदारी

चूल पेटविणे हे घरातील बायकांचे काम. त्यात शेतीच्या कार्यकर्त्याने लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न पुष्कळ गावांत विचारला जातो. प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु तो विचारणाऱ्याने सरपणाचा मार्ग शेवटपर्यंत न्याहाळलेला नसतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या शेतातून निघतात. बाभूळ, सुबाभूळ, बोर आणि निंब बांधावर वाढतात. गोवऱ्या थापल्या जातात त्या गोठ्यातील शेणाच्या. आणि हे सर्व जळून गेल्यावर उरणारी राख पुन्हा शेतातच जावयास हवी. जी वस्तू शेतातून निघते आणि शेवटी शेतातच परतावयाची असते, तिचा हिशेब शेतीच्याच वहीत मांडला पाहिजे.

चुलीत लाकूड कसे घालावे यासंबंधी आजवर उपदेश काही थोडा झाला नाही. तथापि तो बहुतेक सगळा चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला उद्देशून झाला, आणि त्याचे फळ मिळाले नाही याचे कारणही तेच होय. सरपण जळते चुलीत, हे खरे. परंतु ते नीट जळेल की धुमसेल याचा निर्णय अंगणात, पावसाळ्यापूर्वी तीन-चार महिने झालेला असतो. तो निर्णय करणारा मनुष्य बहुधा चुलीपुढे कधी बसत नाही. सबब ग्रामकार्यकर्त्याने चुलीविषयी बोलावयाचे ते आधी घरधन्याशी बोलावे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

ज्योत कशाची असते?

प्रथम लाकूड कसे जळते ते पाहणे अगत्याचे आहे. लाकूड तापले म्हणजे आधी त्यातील पाण्याची वाफ होऊन जाते. उष्णता दोनशे-तीनशे अंशांपलीकडे गेली की लाकडाचे घटक फुटून त्यांचा वायू होऊ लागतो. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो. मागे राहतो तो कोळसा आणि थोडी राख. डोळ्यांना जी ज्योत दिसते ती या वायूची. त्याला पुरेशी हवा, पुरेशी धग आणि जळण्यास थोडी मोकळी जागा मिळाली तर तो पूर्ण जळून भांड्यास उष्णता देतो. यांपैकी एकही गोष्ट कमी पडली तर तोच वायू अर्धवट जळून धूर होतो. धूर म्हणजे भांड्याला न लागता छपरात, डोळ्यांत आणि फुफ्फुसांत गेलेले सरपण होय.

यावरून एक गोष्ट उघड होते. चुलीत एकाच वेळी पुष्कळ लाकूड कोंबले म्हणजे पुष्कळ उष्णता मिळते, ही समजूत खरी नाही. लाकूड जास्त घातले म्हणजे वायू जास्त सुटतो. परंतु तोंड लाकडाने भरून गेल्यामुळे आत जाणारी हवा मात्र कमी होते. वायू अधिक आणि हवा उणी, अशा स्थितीत धुराखेरीज दुसरे काय निपजणार?

चुलीच्या तोंडात किती घालावे?

चुलीच्या तोंडाचा निदान अर्धा भाग हवेसाठी मोकळा ठेवावा. लाकडे मुख्यतः अंगठ्याहून जाड आणि मनगटाहून बारीक अशी असावीत. एका वेळी तीन किंवा चार लाकडे पुरतात. एकटे लाकूड घालू नये. लाकडांचे निखारे एकमेकांसमोर असले म्हणजे ती परस्परांना तापवीत राहतात, एकटे पडलेले लाकूड मात्र धुमसून विझते. लाकडे एकमेकांस चिकटवून न ठेवता त्यांमध्ये बोटभर फट राखावी. त्यांची टोके भांड्याच्या बुडाखाली एकत्र यावीत आणि टोके जळत जातील तसतशी लाकडे हळूहळू पुढे सारावीत. जळावयाचे ते टोक. बाकीचे लाकूड बाहेर आपली पाळी येईपर्यंत थांबलेले बरे.

लाकडे राखेच्या ढिगावर टेकली असता खालून हवा मिळत नाही. लोखंडी जाळी असल्यास उत्तम. नसल्यास दोन विटांचे तुकडे ठेवून लाकडांची पुढची बाजू किंचित उचलून घ्यावी. राख रोज सकाळी काढावी. ज्वाळा भांड्याच्या कडेने वर उसळताना दिसल्या, तर सरपण जास्त झाले असे समजून एक लाकूड मागे ओढावे. उकळी आल्यावर मोठ्या जाळाची गरज राहत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर अन्न शिजू द्यावे आणि मागच्या वैलावर दुसरे भांडे चढवावे. फुंकणी सारखी हातात घ्यावी लागत असेल, तर हवेची वाट तरी बंद आहे, किंवा लाकूड तरी ओले आहे, हे ओळखावे. जाळ लवकर धरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या किंवा टायरचे तुकडे चुलीत घालण्याची सवय काही ठिकाणी पडली आहे; त्यांचा धूर विषारी असल्याने ती तत्काळ सोडावी. कण्हेरीच्या फांद्याही जळणात येऊ देऊ नयेत.

ठासून भरण्यामागचे कारण

हे सर्व चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला ठाऊक नसते असे मानणे हा शिकलेल्या माणसाचा उद्धटपणा होय. ज्या बाईने वीस वर्षे चूल पेटविली आहे तिला ओले लाकूड हाताला लागताच कळते. तरीही ती चुलीत जाड ओंडका घालते, याला कारण आहे. भाकरी थापावयाची असते, लेकरू रडत असते, गाईची धार काढावयाची असते आणि उन्हे वर येण्यापूर्वी खुरपणीला पोहोचावयाचे असते. बारीक लाकडे दर काही मिनिटांनी पुढे सारावी लागतात. जाड ओंडका एकदा आत घातला की बराच वेळ आपोआप धुमसत राहतो. ओंडका सरपण वाचवीत नाही, परंतु तिचा वेळ वाचवितो. ती सरपण आणि स्वतःचा श्वास देऊन वेळ विकत घेत असते.

अशा स्त्रीला 'बारीक लाकडे वापरा' असे सांगून निघून जाणे म्हणजे तिच्या कामात आणखी एका कामाची भर टाकणे होय. लाकूड फोडावयाचे कोणी? ते वाळत घालावयाचे कोणी? पहाटेच्या घाईत तिने कुऱ्हाड हाती घ्यावी अशी अपेक्षा असेल, तर तो सल्ला न दिलेला बरा. याउलट फोडलेले, वाळलेले आणि हाताशी रचलेले सरपण तिला मिळाले, तर योग्य रीतीने जाळ घालणे तिला शिकवावे लागत नाही. ज्या घरी एका वेळच्या स्वयंपाकाला पुरतील एवढ्या लाकडांच्या लहान मोळ्या आधीच बांधून ठेवल्या जातात, तेथे किती सरपण लागते याचा अंदाजही आपोआप येतो. मोळीत पेटविण्यासाठी थोड्या काटक्या, भाकरीसाठी बारीक फाटी आणि डाळ शिजविण्यासाठी एक-दोन थोडी जाड लाकडे असावीत.

ओल्याचा आणि सुक्याचा हिशेब

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मे पाणी असू शकते. हवेशीर जागी चांगले वाळलेल्या लाकडात ते सुमारे पंधरा ते वीस टक्क्यांवर येते. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता मिळते असे धरले, आणि लाकडातील एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास ६०० किलोकॅलरी लागतात असे धरले, तर हिशेब सरळ आहे. वीस टक्के पाणी असलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,४०० किलोकॅलरी मिळतात. निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडापासून जेमतेम १,९००. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ओल्या लाकडाची वाफ जाळाला थंड करते. त्यामुळे वायू पेटण्याइतकी धग राहत नाही आणि उरलेल्या उष्णतेतीलही मोठा भाग धुराबरोबर जातो.

पाच लिटर पाणी पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास वस्तुतः केवळ ३७५ किलोकॅलरी लागतात. साध्या चुलीत सरपणाच्या उष्णतेपैकी दहा टक्केच भांड्यास लागली, तर एवढ्या पाण्यासाठी एक किलोहून अधिक सुके लाकूड जाते. नीट घातलेल्या जाळाने आणि चांगल्या चुलीने हे प्रमाण वीस टक्क्यांवर नेले, तर अर्ध्या किलोच्या थोड्या वर काम भागते. डोक्यावरून आणलेल्या मोळीच्या भाषेत सांगावयाचे, तर दोन खेपांचे काम एका खेपेत होते.

लाकूड वाळते ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या बाजूंतून. सालीतून ओल सहज बाहेर पडत नाही. म्हणून सालीसकट ओंडके वर्षभर अंगणात पडून राहिले, तरी ते आतून ओले राहू शकतात. लाकूड हातभर लांबीचे तोडून, फोडून, जमिनीपासून वीतभर उंच अशा दगडांवर किंवा ओंडक्यांवर रचावे. वरून पत्रा किंवा गवताचे छप्पर घालावे, परंतु बाजू मोकळ्या सोडाव्यात. चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळल्यास आतली ओल आतच कोंडते. चैत्र-वैशाखाचे ऊन यासाठी फार मोलाचे आहे. टोकांना चिरा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन लाकडे एकमेकांवर आपटली असता ठणठणीत आवाज आला, म्हणजे सरपण तयार झाले असे समजावे. खात्री हवी असल्यास एका लाकडावर खूण करून त्याचे वजन दर पंधरा दिवसांनी घ्यावे. वजन उतरावयाचे थांबले की वाळणे पुरे झाले.

शेतातील जळणाचा क्रम

शेतातून निघणारे सर्व जळण एकाच न्यायाने साठविता येत नाही. पऱ्हाट्यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवले, तर त्यांवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो आणि पुढच्या हंगामाच्या कपाशीवर ती पुन्हा येते. सबब पऱ्हाटी पावसाळ्यासाठी राखून ठेवू नये. जेवढी जळणाला हवी तेवढी बोंडे झाडून घरी आणावी व उन्हाळ्यातच प्रथम संपवावी. बाकीची यंत्राने बारीक करून खताच्या खड्ड्यात घालावी. पावसाळ्याची बेगमी म्हणून तुराट्या आणि बांधावरील झाडांच्या छाटणीचे लाकूड ठेवावे. अशा रीतीने जळणाचा क्रम लावला तर चूल आणि कपाशी दोहोंचे हित साधते.

शेणाचीही गोष्ट अशीच आहे. गोवरी जळली म्हणजे शेणातील नत्र हवेत जाते आणि जमिनीला मिळावयाचे सेंद्रिय द्रव्यही नष्ट होते. लाकूड ओले म्हणून गोवरी जास्त, आणि गोवरी जास्त म्हणून खत कमी, अशी ही साखळी आहे. सरपण वाळविणारा शेतकरी नकळत आपल्या उकिरड्यात भर घालीत असतो. चुलीतील राखेत पालाश असते. ती परसबागेत किंवा शेतात पसरावी, मात्र युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांच्यात मिसळू नये, कारण त्यामुळे नत्र उडून जाते.

चुली मोजल्या, जाळ मोजला नाही

सुधारलेल्या चुलीचा प्रयत्न आपल्या देशात नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यातून मगन चूल पुढे आली. १९५३ साली एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीसंबंधी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये आटोपता घेईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. पुण्याच्या आरती या संस्थेने सिमेंटची, धुराड्याची, दोन भांड्यांची लक्ष्मी चूल तयार केली. या सर्व कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु बसविलेल्या चुलींपैकी पुष्कळ थोड्याच वर्षांत मोडल्या वा अडगळीत पडल्या, हेही नाकारता येत नाही.

ओडिशातील ४४ गावांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रथम पुढे आले. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरी आल्यावर पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. परंतु पुढे तो लाभ टिकला नाही, आणि जळणाची बचतही दिसून आली नाही. लोकांनी ती चूल नियमित वापरली नाही आणि तिची निगाही राखली नाही, असे कारण त्यात सांगितले आहे. यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. प्रयोगशाळेत चुलीची परीक्षा सुक्या, मोजून कापलेल्या लाकडांवर होते. गावात तीच चूल आषाढात, ओल्या बाभळीवर आणि घाईत असलेल्या हातांत चालावयाची असते. अहवालात बसविलेल्या चुलींची संख्या भरली जाते. त्या घराच्या वळचणीला फोडलेले सुके सरपण आहे की नाही, या प्रश्नाला अहवालात रकाना नसतो. तो असावयास हवा.

दोन आक्षेप

आता गॅस आला, मग चुलीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. उज्ज्वला योजनेचा आरंभ १ मे २०१६ रोजी बलिया येथे झाला आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, देण्यात आली. ज्या घरास परवडेल त्याने गॅसच वापरावा. श्वासाच्या दृष्टीने कोणतीही लाकडाची चूल त्याची बरोबरी करू शकत नाही. परंतु सिलिंडर घरी असूनही अनेक घरांत अंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण चुलीवरच होते, कारण सिलिंडरला रोख पैसा लागतो. जोवर चूल पेटते तोवर ती नीट पेटावी एवढेच येथे म्हणणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. लहान मुलांचा न्यूमोनिया आणि मोठ्यांचे फुफ्फुसाचे जुनाट विकार यांचे मूळ पुष्कळदा या धुरात असते. सुक्या सरपणाने धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून धुराडे आणि खिडकी हवीच. निखाऱ्यांची शेगडी तर बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास, आणि तो झोपेतच जीव घेतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याच्याकडे बांध नाही, गाडी नाही आणि कुऱ्हाड चालविणारा दुसरा हात नाही, त्याने काय करावे? भूमिहीन मजूर स्त्री मिळेल ते डोक्यावरून आणते आणि त्याच संध्याकाळी जाळते. तिला सरपण वाळविण्याचा उपदेश करणे व्यर्थ होय. तिच्यासाठी उपाय गावाने करावयाचा आहे. उन्हाळ्यात शेतकरी बांधावरची झाडे छाटतो, तेव्हा पुष्कळ बारीक फांद्या जागेवरच पेटवून देतो. त्या जाळून टाकण्याऐवजी मजुरांच्या घरी जाऊ द्याव्यात. गावठाणात किंवा गायरानाच्या कडेला एक साधे, बाजूंनी मोकळे छप्पर उभारून तेथे अशा घरांचे सरपण ठेवण्याची सोय ग्रामपंचायतीने करावी. हा खर्च मोठा नाही, आणि तो दानधर्मही नव्हे. ज्यांच्या श्रमावर गावाची खुरपणी होते, त्यांची चूल सुकी राहावी ही गावाचीच गरज आहे.

ग्रामकार्यकर्त्याने काय करावे?

व्याख्यानापेक्षा तराजू अधिक पटवून देतो. चावडीपुढे किंवा बचत गटाच्या बैठकीत सारख्या दोन चुली मांडाव्यात. दोन्हींवर सारखी भांडी, प्रत्येकी पाच लिटर पाणी आणि सारखी झाकणे ठेवावीत. एका चुलीत ओले, जाड लाकूड नेहमीप्रमाणे ठासून घालावे. दुसरीत सुकी, फोडलेली लाकडे वर सांगितल्याप्रमाणे घालावीत. जाळापूर्वी आणि उकळीनंतर उरलेले लाकूड तोलावे. आकडे गावकऱ्यांनीच फळ्यावर लिहावेत. कार्यकर्त्याने काही सांगू नये. मात्र या प्रयोगाला पुरुषांनी हजर असावे, आणि दुसऱ्या चुलीचे लाकूड गावातल्या पुरुषांनीच आधी फोडून वाळविलेले असावे, एवढा आग्रह त्याने अवश्य धरावा.

भेटीच्या वेळी घरधन्याला तीन गोष्टी विचाराव्यात: सरपण कधी तोडले, कधी फोडले आणि पावसाच्या पहिल्या सरीला ते कोठे असेल? खरिपाच्या बियाण्याची आणि खताची चौकशी ज्या वहीत होते, त्याच वहीत ही उत्तरे लिहावीत. बियाण्याची बेगमी घरधनी करतो, चाऱ्याची करतो, छपराचे शाकारणेही तोच पाहतो. मृगापूर्वीच्या या कामांच्या यादीत सरपण फोडणे आणि झाकणे हे आणखी एक काम जोडावयाचे आहे. ते काम दोन-तीन दिवसांचे आहे. त्याचा लाभ मात्र घरातल्या बाईला आणि तिच्या मांडीवरच्या मुलाला चार महिने, दिवसातून दोन वेळा मिळत राहील.